बेकारीचा विमा आणि अठ्ठ्याहत्तर दिवसांचा हिशेब

बेकारी हा विषय व्याख्यानमालेत आला की श्रोत्यांना एखाद्या अर्थशास्त्रज्ञाची अपेक्षा असते. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे शिक्षण लेथच्या यंत्रावर, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा या लेखात मोठे सिद्धान्त सापडणार नाहीत. नोकरी गेलेल्या माणसांचे अर्ज भरता भरता जे कळले, आणि ते नीट कळावे म्हणून जे वाचावे लागले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभ एका प्रसंगाने करतो. २०२१ सालची गोष्ट. औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात सोळा वर्षे काम केलेला एक टर्नर एका संध्याकाळी आमच्या कचेरीत आला. मालकाने पंधरा दिवसांपूर्वी "उद्यापासून येऊ नका" एवढेच सांगून फाटकाला कुलूप लावले होते. बेकार झालेल्या विमेदार कामगाराला सरकारी योजनेतून काही रक्कम मिळते, तिचा अर्ज भरू या, असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "भाऊ, अर्ज नको. मुलीचं बोलणं चाललंय. उद्या पाहुण्यांनी चौकशी केली, तर बेकार म्हणून माझं नाव कुठं कागदावर सापडायला नको."

आम्ही म्हणालो, "अहो, घराला आग लागल्यावर विम्याचे पैसे घेणारा माणूस कधी लाजतो का?"

त्यावर तो म्हणाला, "आग लागली तर लोक धावून येतात, भाऊ. नोकरी गेली की लोक रस्ता बदलतात."

या उत्तराला आमच्याजवळ त्या वेळी प्रत्युत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते प्रत्युत्तर देण्याचा प्रयत्न आहे असे समजावे.

विमा म्हणजे काय आणि बेकारीला तो कसा लागू पडतो

विम्याची कल्पना आपल्याला नवी नाही. पुष्कळांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्या थोड्यांवर संकट कोसळेल त्यांना त्यातून भरून द्यावे, एवढीच ती कल्पना. गल्लीत शंभर घरे असली तरी सगळी एकाच रात्री जळत नाहीत, म्हणून आगीचा विमा चालतो. माणसे एकाच दिवशी मरत नाहीत, म्हणून आयुर्विमा चालतो. मग नोकरी जाण्याचा असा विमा बाजारात सहज विकत का मिळत नाही?

याची कारणे दोन. पहिले असे की, बेकारी एकेकट्याने येत नाही. मंदी आली म्हणजे एका कारखान्याचे काम थांबते, त्याला सुटे भाग पुरविणारे दहा वर्कशॉप थांबतात, आणि त्यांच्या कामगारांवर चालणारी खानावळ व किराणा दुकानही बसते. म्हणजे गल्लीतली शंभर घरे एकाच रात्री पेटण्याचा हा प्रकार होय. खाजगी कंपनीला हा भार पेलणे कठीण. दुसरे कारण असे की, ज्याला आपली नोकरी जाण्याची धास्ती आहे तोच असा विमा घ्यायला धावेल, आणि ज्याची नोकरी पक्की आहे तो फिरकणारही नाही. विमा केवळ धोक्यातल्या माणसांचा झाला, की त्याचा हप्ता इतका चढेल की धोक्यातल्या माणसाला तो परवडणार नाही.

म्हणून जगभर या विम्याला दोन टेकू द्यावे लागले. एक सक्तीचा, म्हणजे पक्क्या नोकरीवाल्यानेही वर्गणी भरली पाहिजे. दुसरा सरकारचा, म्हणजे वाईट वर्षी निधी आटला तर मागे कोणीतरी उभे पाहिजे. पक्क्या नोकरीवाल्याला ही सक्ती जाचक वाटते हे आम्ही जाणतो. पण पक्की नोकरी म्हणजे काय, हे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. बापाच्या जागी मुलगा, मुलाच्या जागी नातू, अशी ज्या नोकरीची ख्याती होती, ती नोकरी देणाऱ्या गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत.

ही वाट प्रथम कोणी पाडली

या विम्याचा पहिला प्रयोग सरकारांनी नव्हे, कामगारांनीच केला, हे सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो. युरोपातल्या कामगार संघटना सभासदांच्या वर्गणीतून बेकार सभासदांना मदत देत. बेल्जममधील गेंट या शहराच्या नगरपालिकेने १९०१ साली या मदतीत आपली भर घालायला सुरुवात केली. संघटना जेवढे देईल त्यात नगरपालिकेने काही टाकायचे, अशी ही पद्धत. ती गेंट पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि डेन्मार्क, स्वीडन या देशांत संघटनांशी जोडलेले बेकारी-निधी आजही चालतात.

कायद्याने सक्तीचा असा राष्ट्रीय विमा मात्र ब्रिटनने १९११ सालच्या राष्ट्रीय विमा कायद्याने प्रथम आणला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा चढउताराच्या धंद्यांतील वीस लाखांहून अधिक कामगार त्यात आले. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स, मालकाने अडीच पेन्स द्यायचे, आणि दोघांच्या मिळून होणाऱ्या रकमेच्या एक तृतीयांश भर सरकारने घालायची. नोकरी गेली तर पहिला आठवडा कोरा. पुढे आठवड्याला सात शिलिंग, तेही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा आठवडे. सात शिलिंगांत त्या काळीही घर चालत नव्हते. घर पडू नये एवढाच टेकू त्यात होता. जर्मनीत असा कायदा १९२७ साली झाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली आणि सबंध देशाने १९३५ साली ही वाट धरली.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बेकारी वाढली आणि निधीवर ताण आला. तेव्हा 'आपण खरोखर काम शोधत आहोत' हे सिद्ध करण्याचा भार बेकारावरच टाकण्यात आला. नसलेले काम शोधत माणसे गावोगाव फिरत, आणि कोठे कोठे फिरलो याचा पाढा कारकुनापुढे वाचत. ही अट १९३० साली गेली. पण १९३१ साली दुसरी आली. विम्याचा हक्क संपलेल्या माणसाला मदत देण्यापूर्वी त्याच्या घरातल्या सगळ्यांची मिळकत तपासली जाऊ लागली. मुलाला नोकरी असली की बापाची मदत कापली जाई. हक्काची गोष्ट दयेच्या खात्यात गेली म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे. आमच्या टर्नरला वाटणारी लाज एकट्या आपल्या देशातली नाही. ती जेथे जेथे मागणाऱ्याची झडती घेतली गेली तेथे तेथे निर्माण झाली आहे.

आपल्याकडे काय झाले

आपल्या देशात कामगारांच्या विम्याचा पाया स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घातला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. बी. पी. आदरकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ सालचा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आपण ज्याला नुसते 'ईएसआय' म्हणतो ते हेच.

या विम्यात आजारपण आले, बाळंतपण आले, कामावरचा अपघात आला, दवाखाना आला. बेकारी मात्र आली नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात, राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत बेकारी, वार्धक्य, आजार अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तजवीज करावी, असे म्हटले आहे. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच्या आधारे कोर्टात जाऊन पैसे मागता येत नाहीत.

१९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन कामगार कपातीची भरपाई आली. पुरे झालेल्या प्रत्येक वर्षाच्या नोकरीबद्दल पंधरा दिवसांचे वेतन, असे तिचे प्रमाण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हेच प्रमाण कायम ठेवले आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात आणखी पंधरा दिवसांचे वेतन नवे कौशल्य शिकण्यासाठी म्हणून जमा करावे, अशी तरतूद तिने केली आहे. ही भरपाई चांगलीच आहे, पण तो विमा नव्हे. भरपाई एकटा मालक देतो. कारखाना बुडत असेल तर मालकाच्या गल्ल्यात काय उरणार? ज्या दिवशी कामगाराला तिची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवशी ती बुडण्याची भीतीही सर्वांत जास्त. विम्याचा निधी अनेक कारखान्यांच्या वर्गणीवर उभा असतो, म्हणून एका कारखान्याच्या बुडण्याने तो बुडत नाही. भरपाई आणि विमा यांतला हा फरक प्रत्येक कामगाराने ध्यानी ठेवावा.

बेकारी भत्ता ईएसआयमध्ये आला तो १ एप्रिल २००५ रोजी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेच्या रूपाने. म्हणजे विमा सुरू झाल्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. कारखाना बंद पडला, कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या कारणाने निदान चाळीस टक्के कायमचे अपंगत्व आले, अशा विमेदाराला वेतनाच्या निम्मी रक्कम सहा महिने मिळावी, असे तिचे पहिले रूप होते. पुढे मुदत वाढत गेली. २०१६ पासून पहिल्या वर्षी निम्मे आणि दुसऱ्या वर्षी पाव, असे दोन वर्षांचे साहाय्य झाले आणि वर्गणीची अट पाच वर्षांवरून उतरत दोन वर्षांवर आली.

दुसरी योजना १ जुलै २०१८ पासून आली. तिचे नाव अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. तीत आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, वेतनाच्या पाव हिश्श्याइतके साहाय्य ठरले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, आणि २४ मार्च २०२० पासून बेकार झालेल्यांसाठी नियम सैल करण्यात आले. पावाचे निम्मे झाले. बेकार झाल्यावर ९० दिवस थांबावे लागे, तेथे ३० दिवस झाले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पूर्वी अर्ज जुन्या मालकामार्फत पाठवावा लागे, तो आता थेट शाखा कार्यालयाकडे करता येऊ लागला. ज्याने दार लावून घेतले त्याच्याच दारात सही मागायला जायचे, हा प्रकार त्यामुळे थांबला.

सहा महिन्यांतले अठ्ठ्याहत्तर दिवस

आता हिशेबाकडे वळू. १ जुलै २०१९ पासून ईएसआयची वर्गणी कामगाराकडून वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अशी ठरली. दरमहा १८,००० रुपये मिळविणाऱ्या कामगाराचे १३५ रुपये कापले जातात, आणि मालक ५८५ रुपये भरतो. महिन्याला ७२० रुपये झाले.

वर्गणीसाठी वर्षाचे दोन भाग केले आहेत. एक १ एप्रिल ते ३० सप्टेंबर, दुसरा १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. महिन्याला २६ कामाचे दिवस धरले, तर सहा महिन्यांचे १५६ होतात. त्याच्या निम्मे ७८. हा ७८ चा आकडा ईएसआयच्या कामगाराने आपल्या जन्मतारखेसारखा पाठ करावा, असे आम्ही सभांतून सांगतो. आजारपणाचा भत्ता याच ७८ वर अवलंबून आहे आणि बेकारीचे साहाय्यही. २०२० च्या सवलतीप्रमाणे निदान दोन वर्षे विमेदार नोकरी झालेली हवी. बेकार होण्याच्या लगतच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि त्यामागच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी निदान एकात ७८ दिवस हवेत.

रक्कम कशी काढतात? मागच्या चार वर्गणी-काळांची, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घ्यायची आणि तिला ७३० ने भागायचे. आपल्या १८,००० वाल्या कामगाराची दोन वर्षांची कमाई ४,३२,००० रुपये. ७३० ने भागले की रोजची सरासरी ५९१ रुपये ७८ पैसे. तिचे निम्मे सुमारे २९६ रुपये. नव्वद दिवसांचे सुमारे २६,६३० रुपये. मध्येच नवी नोकरी लागली तर तेवढ्याच दिवसांचे पैसे मिळतात. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला, वयोमानाने निवृत्त झालेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला हे साहाय्य नाही.

"असे घरबसल्या पैसे दिले तर लोक आळशी होतील," असे काही सद्गृहस्थ आम्हांला सांगतात. त्यांनी रोजच्या २९६ रुपयांत घरभाडे, गॅसची टाकी, मुलांची फी आणि म्हाताऱ्या आईचे औषध बसवून दाखवावे. ज्याला ६०० रुपये रोज मिळवता येतो तो २९६ रुपयांसाठी, तेही आयुष्यात एकदाच, आळस करीत बसत नाही. हे पैसे त्याला एवढेच करू देतात की, पहिल्या आठवड्यात पदरी पडेल ती अर्ध्या मजुरीची नोकरी त्याने धरू नये. चार ठिकाणी हिंडून आपल्या हुन्नराला साजेसे काम त्याने शोधावे. टर्नरने टर्नरच राहावे, यात समाजाचाही फायदाच आहे.

कागदाला जे ठाऊक नसते

आता पुन्हा आमच्या टर्नरकडे जाऊ. दोनतीन आठवडे समजूत घातल्यावर तो अर्जाला तयार झाला. पहिली अडचण अशी की, मोठी योजना त्याला लागू होईना. कारखाना बंद झाला हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होते, कागदाला मात्र ठाऊक नव्हते. मालकाने बंदची नोटीस दिली नव्हती की कपातीचे पत्र दिले नव्हते. निम्म्या पगाराचे एक वर्ष त्या न लिहिलेल्या एका कागदापायी गेले.

लहान योजनेचा अर्ज भरला, तर संगणकावर त्याची नोकरी अवघी चौदा महिन्यांची दिसू लागली. सोळा वर्षे राबलेला माणूस चौदा महिन्यांचा कसा झाला? शोध घेतला तेव्हा कळले की, चौदा महिन्यांपूर्वी मालकाने काही कामगार एका ठेकेदाराच्या नावावर दाखविले होते. यंत्र तेच, जागा तीच, पण ठेकेदाराने सर्वांचे नवे विमा क्रमांक काढले होते. जुन्या क्रमांकावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने लिहिलेले, नव्यावर दुसऱ्या तऱ्हेने. एकाच माणसाचे कागदावर दोन झाले होते, आणि दोघांपैकी एकही साहाय्याला पात्र नव्हता.

हे दोन क्रमांक जोडून घेण्यात आमचे चार महिने गेले. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या त्याच्या बायकोने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, म्हणून ते जमले. खिडकीपलीकडचा कारकूनही माणूसच असतो, आणि पुढे धड कागद असला तर तोही मदत करतो, हा आमचा अनुभव आहे. शेवटी पैसे खात्यात जमा झाले. ते तीन महिन्यांच्या थकलेल्या भाड्यात आणि किराणा दुकानाच्या उधारीत गेले. मुलीचे लग्न ठरले. बाप बेकार आहे का, अशी चौकशी पाहुण्यांनी कुठल्या कचेरीत केली नाही.

या एका प्रकरणात आम्हांला जे दिसले ते असे की, बेकारीचा हक्क बेकार झाल्यावर मिळवता येत नाही. तो नोकरी असतानाच मिळवून ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक कामगाराला आमचे चार गोष्टींचे सांगणे आहे. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागून घ्यावी आणि फेकू नये. ईएसआयच्या संकेतस्थळावर आपल्या नावे किती दिवसांची वर्गणी चढली, हे एप्रिलात आणि ऑक्टोबरात, म्हणजे वर्गणी-काळ संपताच, पाहून घ्यावे. स्वतःला येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून पाहून घ्यावे. नोकरी बदलली किंवा ठेकेदार बदलला तर नवा क्रमांक काढू देऊ नये, जुनाच पुढे चालवावा. आधार कार्डावरचे नाव, बँकेतले नाव आणि विम्यातले नाव अक्षरशः एक असावे. आणि नोकरी गेलीच, तर अर्जाला महिनोन्‌महिने लावू नयेत, कारण साहाय्याला मुदत असते.

जे छत्रीबाहेर आहेत

येथवर ज्यांच्या डोक्यावर ही छत्री आहे त्यांचे बोललो. आता बाहेरच्यांचे. ज्या कारखान्यात वा दुकानात दहा माणसेही नाहीत, तेथे सामान्यतः हा विमा नाही. घरकाम करणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा रंगारी, हमाल, फेरीवाला, मोबाइलवर ऑर्डर घेऊन दारोदार डबे पोचविणारा तरुण, यांची मजुरी बंद होते तेव्हा त्याला बेकारी असे नावसुद्धा कोणी देत नाही. दुसऱ्या टोकाला असे की, १ जानेवारी २०१७ पासून या विम्याची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. त्या रेषेच्या वर गेलेला कामगार विम्यातून बाहेर पडतो. बढती मिळाली म्हणून पेढे वाटणारा माणूस चालू वर्गणी-काळ संपताच या छत्रीबाहेर पाऊल टाकतो, आणि ते त्याच्या गावीही नसते. नोकरी गेली की तो भविष्य निर्वाह निधी मोडतो. म्हणजे आजच्या बेकारीचा खर्च म्हातारपणाकडून उसना घेतो.

हे आपल्याला जमणारच नाही, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखविले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना वाढीला लागली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि काम देता आले नाही तर बेकार भत्ता, हे तत्त्व एका राज्याने कायद्यात लिहिले. त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ सालच्या व्यवसाय कराच्या कायद्यातून, म्हणजे मुख्यतः शहरातल्या नोकरदारांच्या आणि व्यावसायिकांच्या खिशातून. आपल्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे रुपये ज्या नावाने कापलेले दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे. खेड्यातल्या बेकार माणसासाठी शहरातल्या नोकरदाराने थोडे द्यावे, हे महाराष्ट्राने मान्य केले. मग शहरातल्या बेकार माणसासाठी शहरानेच थोडे द्यावे, हे मान्य करणे अवघड का वाटावे?

आमचे मागणे फार मोठे नाही. बेकारीचे हे साहाय्य योजना म्हणून येते. ठरावीक मुदतीसाठी येते आणि मुदतवाढीवर जगते. २०१८ ची योजना दोन वर्षांसाठी प्रयोग म्हणून आली आणि पुढे वेळोवेळी वाढविली गेली. म्हणून हा लेख वाचणाऱ्यानेही त्या दिवशीचे नियम आणि मुदत शाखा कार्यालयात विचारूनच अर्ज करावा. आजारपणाचा भत्ता असा मुदतवाढीवर जगत नाही. तो कायद्यात आहे. बेकारीही कायद्यात यावी, नव्वद दिवस आयुष्यात एकदा नव्हे तर वर्गणीच्या प्रमाणात पुन्हा मिळावेत, आणि छत्रीबाहेरच्यांना आत घ्यावे. ज्याला मुदत असते तो प्रयोग, आणि ज्याला मुदत नसते तो हक्क, असा आमचा साधा समज आहे.

विम्याने काम निर्माण होत नाही, हे आम्ही जाणतो. नव्वद दिवसांनी भत्ता संपतो आणि पुन्हा कामच लागते. पण काम शोधायला निघालेला माणूस ताठ मानेने निघतो की मान खाली घालून, हे त्या नव्वद दिवसांवर अवलंबून असते. आमचा टर्नर आता एका दुसऱ्या कारखान्यात आहे. दर एप्रिलात आणि ऑक्टोबरात तो आपल्या खात्यातल्या चारपाच जणांचे विमा क्रमांक चिठ्ठीवर लिहून कचेरीत येतो, आणि म्हणतो, "भाऊ, यांचे अठ्ठ्याहत्तर भरलेत का, तेवढं बघा." तो आता लाजत नाही. ज्यांच्या नोकऱ्या आज शाबूत आहेत अशा आपण नागरिकांनी एवढेच करावे की, शेजारच्या घरातली नोकरी गेली तर रस्ता बदलू नये. त्या घरी जाऊन विचारावे, "अर्ज केलात का?"